पिवळे पान झाडावर कुठे आहे, हे आधी पाहावे

आपल्याला बागकामाची आवड आहे हे ओळखीच्या लोकांना एकदा कळले की पिवळ्या पानांची छायाचित्रे येऊ लागतात. बहुतेक छायाचित्रांत एकच पान असते, तेही हातात धरून अगदी जवळून टिपलेले, आणि सोबत प्रश्न असतो, "याला कोणते खत घालू?" एवढ्यावरून खरे उत्तर देता येत नाही, कारण नुसत्या पिवळ्या रंगावरून फारसे काही कळत नाही. कुंडीत पाणी जास्त झाले, कमी झाले, मुळांना जागा उरली नाही, उजेड अपुरा पडला, लोह मिळेनासे झाले, किडींनी रस शोषला किंवा पान नुसते म्हातारे झाले, तरी शेवटी दिसतो तो पिवळाच रंग. ते पान झाडाच्या कोणत्या भागातले आहे, पिवळेपणा पानात कुठून सुरू झाला आणि तो किती झपाट्याने पसरला, या गोष्टींत मात्र पुष्कळ माहिती असते. म्हणून मी उलट विनंती करतो की पान तोडू नका, संपूर्ण झाडाचे छायाचित्र पाठवा आणि कुंडीतली माती दोन पेरे खोल बोट खुपसल्यावर कशी लागते तेही कळवा.

हा पिवळा रंग पानात नव्याने तयार झालेला नसतो. तो आधीपासूनच तिथे असतो. हरितद्रव्याच्या जोडीने कॅरोटिनॉइड गटातली पिवळी आणि नारिंगी रंगद्रव्ये प्रत्येक हिरव्या पानात असतात, पण हरितद्रव्य भरपूर असेपर्यंत ती झाकलेली राहतात. हरितद्रव्य हे टिकाऊ द्रव्य नव्हे. निरोगी पानातही ते सतत मोडत असते आणि नव्याने घडत असते. ही घडण मंदावली किंवा मोडतोड वाढली की खालचा पिवळा रंग उघडा पडतो. पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१७ मध्ये हे द्रव्य वेगळे करून त्याला क्लोरोफिल असे नाव दिले. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांनी त्याच्या रचनेत मॅग्नेशियम असल्याचे दाखवून दिले आणि वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी त्यांना १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला नत्राचे (नायट्रोजनचे) चार अणू धरून असतात. लोह मात्र त्या रेणूत कुठेच नसते, तरी तो रेणू घडवताना ते लागतेच. नत्र, मॅग्नेशियम आणि लोह या तिन्हींच्या अभावी पान पिवळे पडते ते यामुळे. मात्र या तिघांचा पिवळेपणा एकसारखा दिसत नाही आणि निदान करणाऱ्याला हाच मोठा आधार आहे.

नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाड एका पानातून काढून दुसऱ्या पानाला देऊ शकते. ती कमी पडू लागली की खालच्या, जुन्या पानांतून ती ओढून घेतली जातात आणि वाढणाऱ्या शेंड्याकडे पाठवली जातात, त्यामुळे अशा उणिवेची खूण झाडाच्या तळाशी उमटते. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन यांना असे सहज हलवता येत नाही. जुन्या पानांत ती अडकून पडतात, आणि मुळांकडून नवा पुरवठा थांबला की उपासमार कोवळ्या पानांची होते. जस्त, मंगल (मँगनीज) आणि गंधक यांच्या उणिवेची लक्षणेही बहुधा वरच्या पानांतच आधी दिसतात. पिवळी पाने खाली आहेत की शेंड्याकडे, एवढे नीट पाहिले तरी निम्म्या शक्यता बाद होतात, आणि हे पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही.

खालच्या पानांपैकी अधूनमधून एखादेच पिवळे पडत असेल आणि शेंड्याला नवी, टवटवीत पाने येत असतील, तर बहुतेक वेळा ते निव्वळ वय असते. रबराचे झाड असो वा मनीप्लँट, कोणतेही पान कायमचे टिकत नाही. पानातील बहुतांश नत्र हरितलवकांमधल्या प्रथिनांत साठवलेले असते, आणि पान टाकून देण्यापूर्वी झाड ते नत्र परत घेते. त्यासाठी आधी हरितद्रव्याची विल्हेवाट लावावी लागते, कारण प्रथिनांपासून सुटे झालेले हरितद्रव्य उजेडात पेशींना अपाय करते. पान पिवळे पडत असते तेव्हा आत अशी शिस्तबद्ध आवराआवर चालू असते. म्हणून वयाने पिवळ्या पडलेल्या पानाला कात्री लावण्याची मी घाई करत नाही. ते पूर्ण पिवळे होऊन हलक्या हाताने निघेपर्यंत झाडाला त्याचा उपयोग होत असतो. रोगट किंवा किडलेले पान मात्र ताबडतोब काढावे, तिथे ही काटकसर महागात पडते.

नत्राची उणीव असेल तर खालची अनेक पाने एकाच वेळी, शिरांसकट, सगळीकडे सारखी फिकट होतात आणि एकूण वाढ रोडावते. कुंडीतल्या झाडाला हे लवकर होते, कारण नत्राचा नायट्रेट हा प्रकार पाण्यात सहज विरघळतो आणि प्रत्येक वेळी तळाच्या छिद्रातून थोडा थोडा वाहून जातो. याशिवाय एक कारण सहसा लक्षात येत नाही. न कुजलेला भुसा, लाकडाचा चुरा किंवा वाळका पाचोळा मातीत मिसळला असेल, तर तो कुजवणारे सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी मातीतले नत्र उचलतात आणि झाड काही काळ उपाशी राहते. खत घालूनही पाने फिकट राहतात तेव्हा मातीत काय मिसळले होते ते आठवून पाहावे. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या आणि मग करपल्यासारख्या तपकिरी होतात. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानांत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. अशा वेळी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, खरोखर उपयोगी पडते. परंतु प्रत्येक पिवळ्या पानावरचा रामबाण म्हणून त्याची जी ख्याती झाली आहे तिला काही आधार नाही. मातीत मॅग्नेशियम अति झाले तर ते मुळांकडून होणाऱ्या कॅल्शियमच्या शोषणाशी स्पर्धा करते आणि एका अडचणीच्या जागी दुसरी उभी राहते.

शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांवर हिरव्या शिरांचे बारीक जाळे, हे लोहाच्या उणिवेचे चित्र एकदा पाहिले की सहसा विसरत नाही. लिंबू, गुलाब, जास्वंद आणि अनंत या झाडांत ते वारंवार दिसते. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्री यांनी अशा पानांना लोहाच्या क्षारांचे द्रावण लावले की ती पुन्हा हिरवी होतात, हे दाखवले होते. तरीही कुंडीत लोह मुळातच नाही असे क्वचितच घडते. मातीत लोह पुष्कळ असते, पण झाडाला घेता येईल अशा विरघळलेल्या रूपात ते नसते. मातीचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या वर जाऊ लागला की लोहाची विद्राव्यता झपाट्याने घसरते, आणि कुंडीचा सामू हळूहळू वर नेणारी गोष्ट बहुधा आपण रोज घालतो ते जड पाणीच असते, कारण त्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते. कुंडीतली माती थोडी, त्यामुळे अशा पाण्याचा परिणाम जमिनीपेक्षा कुंडीत लवकर जाणवतो.

गंजलेला खिळा कुंडीत खोचण्याचा सल्ला याच ठिकाणी हटकून मिळतो. गंज म्हणजे लोहाचे ऑक्साइड, आणि नेमके तेच रूप पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; मातीत जे अडकून पडले आहे त्यातच आणखी भर घालण्यासारखे ते होते. त्यापेक्षा चिलेटेड लोह वापरावे, ज्यात लोहाचा अणू एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेला असल्याने तो मातीत सहज अडकत नाही. मात्र सगळी चिलेटे सारखी नसतात. ईडीटीए प्रकारचे चिलेट सामू साडेसहाच्या आसपास जाईपर्यंत ठीक काम देते, डीटीपीए त्याहून थोडे पुढे टिकते, आणि अल्कधर्मी मातीत ज्याच्यावर भिस्त ठेवावी ते ईडीडीएचए. पुडक्यावरची ही अक्षरे वाचण्याचा कंटाळा करू नये. आणि हे सगळे करण्याआधी मुळे धड आहेत ना, हे पाहिले पाहिजे, कारण कुजलेल्या मुळांना समोर असलेले लोहही घेता येत नाही आणि शेंड्याला हुबेहूब तेच हिरवे जाळे दिसू शकते.

माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत मात्र अन्नद्रव्यांपेक्षा पाण्याचाच वाटा मोठा असतो, आणि त्यातही तहानेपेक्षा अतिपाण्याचा. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असेल तर तो मिळत राहतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या तर तो मिळणे जवळपास थांबते, कारण पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे १०,००० पट कमी असतो. गुदमरलेली मुळे पाणी आणि अन्नद्रव्ये वर पाठवू शकत नाहीत. शिवाय ती इथिलीन या पाने म्हातारी करणाऱ्या वायूचे पूर्वद्रव्य वर पाठवतात, त्याचे पानांत इथिलीन होते आणि पाने माना टाकून पिवळी पडू लागतात. यापुढचे काम पिथियम आणि फायटोफ्थोरा यांच्यासारखे बुरशीसदृश जीव करतात. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात, आणि साचलेले पाणी त्यांना आयता रस्ता करून देते. या अवस्थेत झाड कोमेजलेले दिसते, म्हणून तहानले असावे असे समजून त्याला आणखी पाणी घातले जाते. माती ओली आणि झाड कोमेजलेले, अशी विसंगत जोडी दिसली की पाणी बंद करून झाड कुंडीबाहेर काढून पाहावे. धडधाकट मूळ बहुधा पांढुरके आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी, लिबलिबीत असते, त्याची साल बोटांत धरून ओढली की सुटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. वासही लपत नाही.

"पण मी तर थोडेच पाणी घालतो," असे यावर अनेक जण म्हणतात, आणि ते खरेही असते. दोष प्रमाणापेक्षा कुंडीतल्या निचऱ्याचा असतो. कुंडीत पाणी घातल्यावर जास्तीचे पाणी छिद्रातून निघून जाते, तरी तळाशी मातीचा एक थर पूर्ण भिजलेलाच राहतो. माती पाण्याला जितक्या जोराने धरते तितकी त्या थराची उंची असते. ती मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. बारीक, चिकट मातीत हा थर जाड असतो, भरड मातीत पातळ. उथळ कुंडीत म्हणूनच मातीचा मोठा हिस्सा ओला राहतो आणि उंच कुंडीत त्याच मातीचा लहान हिस्सा. निचरा सुधारावा म्हणून तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालण्याची पद्धत सर्वत्र आढळते, पण बारीक मातीतले पाणी वरचा थर पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. त्या खडीमुळे ओला थर नाहीसा न होता तेवढाच वर सरकतो आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून एखादे खापर ठेवणे वेगळे. त्याला हरकत नाही. निचरा हवा असेल तर भरड वाळू, परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके, पांढरे दाणे) किंवा सालीचे तुकडे संपूर्ण मातीतच मिसळावे लागतात.

लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावल्यानेही हेच होते. मुळे जिथवर पोहोचलेली नाहीत तिथले पाणी कोणीच शोषून घेत नाही, आणि ती माती दिवसेंदिवस ओली राहते. शोभेच्या बिनछिद्राच्या बाहेरच्या कुंडीत किंवा खालच्या ताटलीत साचलेले पाणीही पाणी घातल्यानंतर थोड्या वेळाने ओतून टाकावे. पाणी घालायचे की नाही याचा निर्णय ठरलेल्या वारावर सोडू नये. थंडीत, ढगाळ हवेत आणि उजेड कमी असलेल्या खोलीत तेच झाड निम्म्याहून कमी पाणी पिते. मातीत बोट घालून पाहणे किंवा कुंडी उचलून तिचे वजन अजमावणे, या दोन सवयी कोणत्याही वेळापत्रकापेक्षा भरवशाच्या आहेत.

पाण्याच्या तुटवड्याने पिवळी पडणारी पाने बहुधा कोरडी, कडेने कुरकुरीत आणि गुंडाळल्यासारखी असतात, आणि तीही तळाची आधी गळतात. यात एक फसवा प्रकार आहे. कोकोपीटचे प्रमाण जास्त असलेली माती एकदा पार वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि नंतर घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. ताटलीत पाणी आलेले पाहून आपले समाधान होते, पण मुळांचा गोळा आतून कोरडाच असतो. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवून सावकाश भिजू द्यावी. मातीवर किंवा कुंडीच्या बाहेरून पांढरा थर दिसत असेल आणि पानांची टोके करपून त्यामागे पिवळी पट्टी येत असेल, तर क्षार साचले आहेत. भरपूर साधे पाणी ओतून ते छिद्रातून वाहू द्यावे आणि खताची मात्रा कमी करावी. मुळे कुंडीच्या कडेने गोल गोल फिरून छिद्रातून बाहेर डोकावत असतील, तर कुंडी बदलण्याची वेळ आलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उजेडाबद्दल आपले डोळे आपल्याला फसवतात. खोलीच्या आत शिरावे तसा उजेड किती कमी होतो हे डोळ्यांना जाणवत नाही, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो; पानाला मात्र ते लगेच कळते. सावलीत पडलेली आतली आणि खालची पाने जेवढे अन्न तयार करतात त्याहून अधिक स्वतःवर खर्च करू लागली की झाड त्यांचा नाद सोडते. जागा बदलल्यावरही असेच होते. फायकस बेंजामिना हे झाड यासाठी कुप्रसिद्ध आहे. नव्या जागी नेल्यावर ते पुष्कळ पाने पिवळी करून गाळते आणि तिथल्या उजेडाला साजेशी नवी पाने काढते. अशा झाडाला आणखी एकदा हलवू नये. उलट, सावलीतले झाड अचानक कडक उन्हात ठेवले तर उन्हाकडच्या पानांवर पिवळट-पांढरे चट्टे पडून ते वाळतात. हे चट्टे फक्त उन्हाच्या बाजूला असतात, त्यामुळे त्यांचे कारण शोधावे लागत नाही.

किडींसाठी पान उलटून पाहावे लागते आणि नेमके तेच केले जात नाही. पिवळेपणा सलग नसून टाचणीने टोचल्यासारख्या असंख्य बारीक ठिपक्यांचा असेल, तर कोळी कीड असण्याची दाट शक्यता असते. उष्ण, कोरड्या हवेत ती फार वेगाने वाढते. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे, आणि कागदावर पडलेले कण चालू लागले तर निदान झाले. कोळी हा कीटक नसल्यामुळे प्रत्येक कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही. पानाच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा देणे आणि त्यानंतर दर काही दिवसांनी साबणाच्या सौम्य द्रावणाची किंवा कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करणे घरगुती प्रमाणावर पुरते. पाने चिकट लागत असतील किंवा त्यांवर काजळीसारखा काळा थर असेल, तर मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधावी. पानावर पिवळ्या-हिरव्या रंगांची वेडीवाकडी नक्षी असून पान आक्रसलेले असेल तर विषाणूचा संशय घ्यावा. विषाणूवर औषध नाही. ते झाड इतरांपासून दूर करावे आणि खात्री पटल्यास काढून टाकावे. क्रोटनसारख्या झाडांची पिवळी नक्षी जन्मजात असते हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कुंडी, माती, जागा आणि खत एकाच दिवशी बदलले तर झाड सुधारले तरी कशामुळे सुधारले ते कळत नाही, आणि बिघडले तर मागे फिरायला वाट राहत नाही. मुळे कुजली असतील तर कुजका भाग स्वच्छ कात्रीने कापून झाड उरलेल्या मुळांच्या मापाच्या लहान कुंडीत, कोरडसर भुसभुशीत मातीत लावावे. अशा झाडाला लगेच खत घालू नये. दुबळ्या मुळांभोवती क्षारांचे प्रमाण वाढले की पाणी आत घेणे त्यांना आणखी कठीण जाते. लोह किंवा मॅग्नेशियम मिळाल्यावर फिकट पाने पुष्कळदा पुन्हा हिरवी होतात, पण वयाने किंवा मूळकुजीने पूर्ण पिवळे पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. म्हणून उपाय लागू पडला की नाही हे त्या पानांवरून ठरवू नये. त्यानंतर येणारी दोन-तीन नवी पाने कोणत्या रंगाची आणि किती मोठी येतात ते पाहावे, आणि ती निरोगी दिसली की पुडक्यावर छापलेल्या मात्रेच्या निम्म्या मात्रेने खत पुन्हा सुरू करावे.